डोक्यामागचं मुद्दल : केस प्रत्यारोपणाला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहितो. चार वर्षांपूर्वी मी डोक्यावर केस लावून घेतले. तेव्हापासून महिन्यातून दोघे-तिघे तरी मला चहाच्या टपरीमागं बाजूला घेतात. कुणी हमालीत असतो, कुणी बँकेत, कुणी तासगावकडचा बागायतदार. टोपी काढून डोकं दाखवतात आणि हळूच विचारतात, "दादा, खरंच उगवतात का? दुखतं का? किती लागतात?" उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही, आणि अर्धवट ऐकून माणूस पैसे भरून मोकळा होतो. म्हणून इथं क्रमानं लिहितो. मी डॉक्टर नाही. माझ्या डॉक्टरांनी न कंटाळता समजावलेलं, मी स्वतः वाचलेलं आणि माझ्या डोक्यावर झालेलं, एवढंच यात आहे. औषध आणि शस्त्रक्रिया यांचा निर्णय तुमचं डोकं तपासलेल्या डॉक्टरांचाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. प्रत्यारोपणात नवा केस तयार होत नाही, मागचा केस पुढं येतो. डोक्याच्या मागच्या बाजूचा आणि कानांवरचा जो पट्टा असतो, तिथल्या केसांना टक्कल पाडणारं हार्मोन सहसा बाधत नाही. तिथला केस मुळासकट उचलून कपाळाकडं लावला तरी तो आपला मूळ गुण सोडत नाही. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली हे मांडलं आणि आजची सगळी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. पण जिथून मूळ उचललं तिथं पुन्हा केस येत नाही. हिशेबाच्या भाषेत मागचा पट्टा म्हणजे मुद्दल. बहुतेकांच्या बाबतीत सगळ्या आयुष्यात मिळून साधारण चार ते सहा हजार ग्राफ्ट तिथून सुरक्षितपणे निघतात. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा मुळासकटचा एक पुंजका. हे मुद्दल कुठं, कधी आणि किती खर्चायचं, हाच या उपचारातला खरा प्रश्न आहे. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

पहिली पायरी : केस का जातात ते आधी ठरवा

गळणारा प्रत्येक केस टकलाकडंच नेतो असं नाही. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून वजन उतरवणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळायला लागतात. माणूस घाबरतो. हे गळणं बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. अशा काळात कुणी प्रत्यारोपण सुचवलं तर तिथून उठून या. थायरॉइड बिघडलं, शरीरातलं लोह कमी झालं तरी केस जातात. रक्त तपासलं की कळतं. गोल नाण्याएवढा चकचकीत डाग पडला तर ती चाई. तिचा उपचार वेगळा असतो आणि ती चालू असताना केस लावण्यात अर्थ नसतो. लहान मुलांच्या डोक्यात खवडा होतो, तो बुरशीचा, आणि त्याला गोळ्या लागतात. टाळूवर लालसरपणा, खाज, जळजळ असून केस कायमचे जात असतील तर तो मुळांचा दाह असू शकतो. तसल्या डोक्यात लावलेले केसही दाह खाऊन टाकतो.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल ओळखू येतं. कपाळाचे दोन्ही कोपरे मागं सरकतात, भोवऱ्याजवळ विरळ होतं आणि पुढं दोन्ही मिळतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं हार्मोन बनतं. आनुवंशिकतेनं ज्यांची मुळं त्याला हळवी असतात, त्यांचा केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक उगवतो आणि शेवटी लव उरते. डॉक्टर याच्या पायऱ्या नॉरवुडच्या मोजपट्टीवर एक ते सात अशा सांगतात. तुमची पायरी कुठली ते विचारून लिहून घ्या.

बायकांचं वेगळं असतं. भांग रुंद होत जातो, पुढची रेषा शाबूत राहते, पण अनेकींचा मागचा पट्टाही विरळ झालेला असतो. मुद्दलच पातळ असेल तर उचलायचं काय? म्हणून प्रत्यारोपण योग्य ठरेल अशा बायका कमी असतात. बहिणीला किंवा बायकोला घेऊन जात असाल तर लोह, थायरॉइड आणि पाळीच्या तक्रारी आधी बघून घ्या.

या निदानासाठी लांब जायची गरज नाही. मिरज हे डॉक्टरांचं गाव. वॉन्लेस हॉस्पिटल तिथं १८९४ साली सुरू झालं. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून डोकं दाखवता येतं. मी हेच सगळ्यांना सांगतो: पहिलं मत अशा ठिकाणी घ्या, जिथं तुम्ही शस्त्रक्रिया केली काय नि नाही केली काय, समोरच्याला फरक पडत नाही.

दुसरी पायरी : आधी औषध

माझ्या डॉक्टरांनी मला पहिल्या भेटीत तारीख दिली नाही. वर्षभर औषध घ्या म्हणाले. तेव्हा राग आला होता, आज त्यांचे उपकार वाटतात.

मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध. पुरुषांना सहसा पाच टक्क्यांचं, दिवसातून दोनदा एकेक मिली देतात. पहिल्या काही आठवड्यांत केस उलटे जास्त गळतात. त्याला घाबरून निम्मे लोक बाटली फेकून देतात. जुने केस गळून नवे यायची ती सुरुवात असते, चार ते सहा महिने धीर धरल्याशिवाय निकाल कळत नाही. फिनास्टेराइड ही एक मिलिग्रॅमची रोजची गोळी डीएचटी कमी करते. काही थोड्या पुरुषांत तिच्यामुळं कामेच्छा कमी होणं, उदास वाटणं असे त्रास होतात. तसं झालं तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. घरात गरोदर बाई असेल तर तिनं या गोळीचा तुकडा किंवा चुरा हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याला धोका असतो. रक्तदान शिबिरात नाव द्यायच्या आधी गोळी चालू असल्याचं सांगा. प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी करायची असेल तेव्हाही सांगा, कारण या गोळीनं तो आकडा निम्म्यावर दिसतो.

औषध सोडलं की त्यानं राखलेलं हळूहळू जातं. आणि बऱ्याच जणांना न पटणारी गोष्ट: प्रत्यारोपणानंतरही औषध लागतं. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या आसपासचे मूळचे केस आपल्या गतीनं जातच राहतात.

तिसरी पायरी : वय, आणि मुद्दलाचा हिशेब

माझ्या आतेभावानं तेविसाव्या वर्षी केस लावले. लग्नाचं बघणं सुरू झालं होतं, दोन ठिकाणाहून "मुलाचं कपाळ जरा मोठं आहे" असा निरोप आला आणि त्याच्या मनाला ते लागलं. त्यानं शाळेतल्या फोटोतल्यासारखी खाली, सरळ रेषा मागितली आणि समोरच्यानं दिली. वर्षभर तो खूश होता. आज तो एकतीस वर्षांचा आहे. पुढं दाट केसांची चार बोटांची पट्टी आहे, तिच्यामागं वाटीएवढं टक्कल, आणि मागचा पट्टा कसर लागलेल्या शालीसारखा जागोजागी विरळ. मागून आणखी उचलायला काही उरलेलं नाही. त्याला दोष देऊ नये. तेविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर पंचविशीच्या आत प्रामाणिक डॉक्टर शक्यतो थांबवतात.

कागद-पेन घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. कपाळावरची मोकळी जागा समजा १२ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल आहे. म्हणजे ६० चौरस सेंटिमीटर. निसर्गतः एका चौरस सेंटिमीटरात साधारण ६५ ते ८५ पुंजके असतात, पण ४०च्या आसपास लावले तरी डोळ्याला भरलेलं दिसतं. ६० गुणिले ४० म्हणजे २,४०० ग्राफ्ट. आता भोवऱ्यावर १० सेंटिमीटर व्यासाचा गोल मोकळा असेल तर तो जवळजवळ ७८ चौरस सेंटिमीटर होतो. तिथंही त्याच दाटीनं भरायचं म्हटलं तर ३,१०० ग्राफ्ट. दोन्ही मिळून साडेपाच हजार. म्हणजे बहुतेक माणसाचं सगळं मुद्दल एका खेपेत संपलं, आणि पन्नाशीत अजून जाणाऱ्या केसांसाठी गाठीला काही उरलं नाही. म्हणून समजूतदार डॉक्टर चेहऱ्याला चौकट देणारा पुढचा भाग आधी भरतात, भोवऱ्याला औषधावर ठेवतात आणि रेषा वयाला शोभेल अशी, कोपऱ्यात थोडी मागं गेलेली ठेवतात. माझी रेषा आखताना डॉक्टर म्हणाले, "ही रेषा तुम्हाला साठाव्या वर्षीही घेऊन हिंडायची आहे." मी आणखी एक बोट खाली मागत होतो. त्यांनी ऐकलं नाही, हे बरंच झालं.

वडील, काका, मामा यांची डोकी नीट बघून घ्या, जमलं तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. टक्कल आईकडून येतं असं लोक म्हणतात. ते दोन्हीकडून येतं.

चौथी पायरी : पद्धत समजून घ्या, नावांना भुलू नका

मुळं काढायच्या पद्धती दोनच. एफयूटीमध्ये मागच्या पट्ट्यातून कातडीची लांब, अरुंद पट्टी काढून टाके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले पुंजके वेगळे करतात. मागं आडवी रेघ कायम राहते, ती केसांखाली झाकते. एफयूईमध्ये एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पोकळ पंचनं एकेक पुंजका सुटा काढतात, तिथं पांढरे बारीक ठिपके राहतात. केस बारीक ठेवणाऱ्यांना एफयूई बरी; तालमीतल्या पोरांनी तर रेघेचा विचार आधीच करावा. आज बहुतेक ठिकाणी एफयूईच करतात.

जाहिरातीतली बाकीची नावं बहुतेक लावण्याच्या तऱ्हेची असतात. डीएचआय म्हणजे पेनसारख्या अवजारानं ग्राफ्ट बसवणं, सफायर म्हणजे चीर देणारं पातं नीलमाचं. अवजारापेक्षा हात महत्त्वाचा. केस कोणत्या कोनात आणि कोणत्या दिशेनं बसवला, पहिल्या ओळीत एक केसाचेच पुंजके लावले की जाड तीन केसांचे, यावरून ते खरे वाटतात की बाहुलीसारखे, हे ठरतं.

पाचवी पायरी : कोण करणार आहे?

इथं मी स्वतः फसलो आहे. सत्तावीस वर्षांचा असताना एका मोठ्या शहरातल्या केंद्रात गेलो. कोट घातलेल्या एका गोड बोलणाऱ्या माणसानं मोबाइलवर माझे फोटो काढले आणि दहा मिनिटांत सांगितलं, साडेचार हजार ग्राफ्ट, एका दिवसात, सवलत फक्त आजपुरती. डॉक्टर कोण, असं विचारल्यावर "सर त्या दिवशी असतील" एवढंच उत्तर. मी दहा हजार आगाऊ भरले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. परत गेलो नाही, पैसेही परत मिळाले नाहीत. दहा हजारांत सुटलो असंच म्हणतो.

केस लावण्याची शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच आहे आणि तिच्यात माणसं दगावलीही आहेत. दिल्लीतल्या अशा एका मृत्यूच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयानं २०२२ साली अशा केंद्रांकडं लक्ष वेधलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट केलं की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनंच करावं, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून आलेलं शिक्षण पुरेसं नाही. मदतनीस असतात, असायलाच हवेत, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

म्हणून पुढचे प्रश्न तोंडावर विचारा, लाजू नका. भुलीचं इंजेक्शन कोण देणार? मागून मुळं कोण काढणार? पुढं चिरा कोण देणार? त्या दिवशी डॉक्टर किती वेळ थिएटरमध्ये असणार आणि त्याच दिवशी दुसरा पेशंट आहे का? डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का ते पाटीवर वाचा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासा. दवाखान्याची नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का बघा. सांगली-मिरज-कुपवाडच्या हद्दीत ती महापालिका करते. ऑक्सिजन, रिअ‍ॅक्शन आली तर लागणारी औषधं, आणि वेळ पडली तर जवळचं आयसीयू कुठलं, हेही विचारा. भुलीच्या औषधाला वजनाप्रमाणे मर्यादा असते. तुमचं वजन न विचारता मोठ्या आकड्याचं आश्वासन देणाऱ्याकडं जाऊ नका.

आणि जुने पेशंट भेटवायला सांगा. फोटो पुरत नाहीत. वर्ष उलटून गेलेल्या माणसाचं डोकं उजेडात, पुढून आणि मागूनही बघा.

पुणं, मुंबई की इथंच? पुणं सांगलीहून सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात. डॉक्टर चांगले असतील तर जा, पण पहिलं धुणं, तपासणी आणि काही बिनसलं तर पुन्हा जाणं हे सगळं धरा. ताजं डोकं सुजलेलं असताना तेवढ्या प्रवासातले धक्के मला तरी सोसले नसते.

पैशाचं

दर ग्राफ्टवर सांगतात की केसावर, ते आधी विचारा. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस धरले तर "पाच हजार केस" म्हणजे अडीच हजार ग्राफ्टच झाले. समजा अडीच हजार ग्राफ्ट आणि ग्राफ्टला ४० रुपये, तर लाख रुपये. त्यावर जीएसटी. बहुतेक वैद्यकीय उपचारांना जीएसटी माफ आहे, पण कायद्यानं केस प्रत्यारोपण त्या माफीतून नाव घेऊन वगळलं आहे. अपघात, भाजणं किंवा जन्मजात दोष यासाठी असेल तरच सूट. म्हणजे लाखावर कर आणखी. सांगितलेला आकडा करासकट आहे का, औषधं, रक्त तपासण्या आणि पुढची तपासणी त्यात आहे का, हे लेखी घ्या. आरोग्य विमा यात सहसा काही देत नाही. पावती घ्या, बिनपावतीचा स्वस्त दर सांगणाऱ्याकडं नंतर दाद मागायला कागदच उरत नाही.

कर्ज काढून करू नका असं मी कळकळीनं सांगतो. केस थांबतात, हप्ता थांबत नाही.

तारीख कशी धरावी

पहिले दोन आठवडे धूळ, ऊन, घाम आणि ओझं यांपासून लांब राहावं लागतं. त्यामुळं आपापलं काम बघून तारीख धरा. यार्डात नव्या हळदीची आवक जोरात असते तेव्हा हवेत पिवळी धूळ असते, म्हणून मी ऑगस्ट धरला. द्राक्षवाल्यानं ऑक्टोबर छाटणी आणि पुढची फवारणी टाळावी. ऊसतोडीच्या धांदलीत करू नये. गणपती जवळ असतील तर गुलाल लक्षात घ्या. पाचव्या दिवशी सांगली संस्थानच्या गणपतीच्या मिरवणुकीत ताजं डोकं घेऊन जाणं बरोबर नाही. तालीम करणाऱ्यानं लाल मातीत परत कधी उतरायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, निदान महिनाभर तरी नाहीच.

लग्न ठरलं असेल तर उलटं मोजा. पूर्ण निकालाला वर्ष लागतं. मेमधल्या लग्नासाठी फेब्रुवारीत केस लावले तर मांडवात आधीपेक्षा विरळ दिसाल. आणि होणाऱ्या बायकोला सांगा. मी सांगितलं होतं.

आदले दिवस

रक्त तपासतात: हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. वयाप्रमाणे ईसीजीही काढतात. तंबाखू आणि सिगारेट निदान दोन आठवडे आधी बंद करा. निकोटिननं रक्तवाहिन्या आक्रसतात आणि नव्या मुळाला रक्त पोचत नाही. मळलेली तंबाखूही यात आली. दारू डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनानं थांबवू नका. ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी बहुधा चालूच ठेवतात, पण तेही विचारून घ्या.

त्या दिवशी पुढून बटणं असलेला शर्ट घाला. टी-शर्ट डोक्यावरून काढताना ग्राफ्ट निघतात. सकाळी डोक्याला तेल न लावता न्हा, पोटभर नाश्ता करा आणि सोबत कुणाला तरी घेऊन जा. गाडी स्वतः चालवत परत येता येत नाही.

शस्त्रक्रियेचा दिवस

आरशासमोर रेषा आखतात. तेव्हा घाई करू नका. पटलं नाही तर पुसायला सांगा. मग केस अगदी बारीक करतात आणि सगळ्या बाजूंनी फोटो घेतात.

दुखण्याचं खरं सांगतो. भुलीची पहिली दहा-पंधरा इंजेक्शनं झोंबतात, डोळ्यात पाणी येतं. त्यानंतर काही कळत नाही. मी पालथा पडून होतो, चेहऱ्याखाली मधे भोक असलेली उशी. मागं पंच फिरत होता, त्याचा करकर आवाज कवटीतून कानात येत होता. आवाज येतो पण दुखत नाही, हे विचित्र वाटतं. काढलेले ग्राफ्ट गार सलाइनच्या काचेच्या बशीत दहा-दहाच्या ओळीत मांडत होते. जेवणाच्या सुट्टीत मी बशी बघायला मागितली. कांद्याच्या रोपासारखं दिसत होतं, खाली पांढरट गुबगुबीत मूळ, वर दोन काळ्या काड्या, सगळं मिळून तांदळाच्या दाण्याहून लहान. रोप जसं उपटल्यावर उन्हात पडू देत नाहीत, तसंच यांचं. शरीराबाहेर जितका जास्त वेळ, तितकी मुळं मरतात. म्हणून आकडा मोजून घेणं आणि ते ओले, गार राहणं महत्त्वाचं. दुपारनंतर चिरा देऊन लावणी. सगळ्याला मिळून सहा ते आठ तास जातात.

निघताना औषधं, सलाइनचा फवारा, किती ग्राफ्ट लागले त्याचा कागद आणि रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर घेऊन निघा.

पहिले दहा दिवस

हे दहा दिवस सांभाळले की निम्मं काम झालं. पहिल्या रात्री मागचा भाग ठणकतो, गोळीनं थांबतं. चार-पाच रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायचं. तरीही दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरते. मी तिसऱ्या दिवशी आरशात स्वतःला ओळखलं नाही. ती आपोआप ओसरते. जागेपणी थोड्या थोड्या वेळानं सलाइन फवारायचं. डॉक्टर सांगतील त्या दिवशी पहिलं धुणं. शक्य असेल तर ते दवाखान्यातच करून घ्या आणि हात कसा फिरवतात ते बघून ठेवा. मगानं हळू पाणी, फेस टेकवायचा, घासायचं नाही. खपल्या दहा ते चौदा दिवसांत आपोआप पडतात. त्या नखानं काढल्या तर पहिल्या आठवड्यात मूळही सोबत येतं.

चौथ्या दिवशी आई वाटीत हळद आणि खोबरेल कालवून घेऊन आली. "सगळ्या देशाला हळद आपल्या गावातून जाते आणि तुझ्याच डोक्याला चालत नाही होय?" तिला वाईट वाटलं. मी डॉक्टरांना फोन लावून तिच्याशीच बोलायला दिला. हळद, तेल, कोरफड, राख, अंगारा, काहीही उघड्या जखमेवर लावू नका. घरच्यांनी मायेनं आणलेलं नाकारणं जड जातं, म्हणून आधीच सांगून ठेवा.

हेल्मेट दहा-पंधरा दिवस चालत नाही, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणं धोक्याचं. तेवढे दिवस एसटीनं, रिक्षानं जा. सैल टोपी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. वाकून ओझं उचलणं, पोहणं, जोर-बैठका बंद.

ताप, पू, वाढत जाणारं दुखणं, लावलेली जागा काळी पडणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

मग वाट बघणं

दुसऱ्या आठवड्यानंतर लावलेले केस गळायला लागतात. दोन महिन्यांत बहुतेक सगळे जातात, कधी शेजारचे जुनेही. माझ्या एका ओळखीच्या माणसानं या काळात डॉक्टरांशी भांडण काढलं होतं. मूळ आत जिवंत असतं, केस तेवढा टाकलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वाकडे केस डोकावतात, सोबत एखादी पुळीही येते. सहाव्या महिन्यात लोकांच्या लक्षात येतं. नऊ ते बारा महिन्यांत भरतं, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. मागं बधिरपणा काही महिने राहतो. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीत, त्याच उजेडात फोटो काढा. रोज आरसा बघून काही कळत नाही.

कागदांची फाइल जपा. किती ग्राफ्ट, मागच्या कुठल्या भागातून, कुठली औषधं. पाच-दहा वर्षांनी पुन्हा लागलं तर मुद्दल किती शिल्लक आहे ते नव्या डॉक्टरांना त्यावरून कळेल.

शेवटी एक प्रश्न, जो मला सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो: नंतर मुंडण चालतं का? चालतं. जखमा पूर्ण भरल्यावर, काही महिन्यांनंतर, वस्तरा लावला तरी मूळ आतच असतं. माझी शस्त्रक्रिया होऊन सोळा महिने झाले होते तेव्हा वडील गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर बसलो. नाभिक दादांचा वस्तरा मागच्या पट्ट्यावर आला तेव्हा ते थांबले, बोटानं ठिपके चाचपले आणि काही न विचारता पुढं गेले. आठ दिवसांत कपाळावर खुंट आले, डॉक्टरांनी आखली होती त्याच रेषेवर.